खांबांच्या दालनातली घुबडं

टाम्पेरे, ३ जून १९९८

वेन्ले,

आधी हातातला कॉफीचा मग खाली ठेव. ठेवलास? माझ्याकडे कार्ड आलं!

हिवाळाभर ज्याच्यापायी मी घरादाराचं डोकं खाल्लं तेच थ्रीडी कार्ड. संगणकाचं झाकण उघडून आत बसवलं, मागून वीतभर केबलने जुन्या कार्डाला जोडलं आणि बंदूक घेऊन भुयारात पळायचा आपला जुना खेळ, आपली 'गुहा', सुरू केली. अगं, मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो. आपण इतकी वर्षं ज्या भिंतींना खेटून पळालो त्या भिंती म्हणजे नुसत्या रंगीत चौकोनांच्या गोधड्या होत्या! आता दगड दगडासारखा दिसतो. पाण्यातून खालचा तळ दिसतो. गर्रकन वळलं तरी चित्र अडखळत नाही. इथे काही शहाणे म्हणतात, जो खेळ या कार्डासाठी बनलाच नव्हता त्याला त्याचा काय उपयोग? त्यांना माझ्या खोलीवर पाठव, दारात उभं करून दाखवतो. कार्डासाठी खेळाचा नवा प्रोग्राम चढवला आणि जुना तर मी त्याच दिवशी पुसून टाकला. आता त्याच्याकडे कोण ढुंकून बघणार!

दुसरी बातमी याहून मोठी आहे. ऑगस्टमध्ये इथल्या संगणक-खेळांच्या मेळाव्यात आपल्या देशाचा संघ स्वीडनच्या संघाशी खेळणार. 'तळघर' हा टप्पा सगळ्यांत कमी वेळात पार करतील त्या चौघांचा संघ. प्रत्येकाने आपली दौड नोंदवून डिस्केट पाठवायची. परीक्षक समिती म्हणजे मी आणि औलूचा ओस्मो. टपालावर ३१ जुलैपर्यंतचा शिक्का हवा. शाळेत असल्यापासून तू म्हणतेस, मला एकदा खऱ्या संघात खेळायचंय. मग आता बस मांडी ठोकून. आयलीमावशीला सांग, हॉटेलातल्या बश्या काही पळून जात नाहीत.

कार्डवाला तार्मो

---

पेल्लो, ११ जून

कार्डवाले तार्मोसाहेब,

तुमचं पत्र मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "या पोराला कोणी मुलगी दाखवा रे." मी फक्त निरोप पोचवते.

माझा संगणक चर्चच्या कचेरीतून काढून टाकलेला आहे, हे तुला माहीत आहे. त्यात कार्डबिर्ड काही नाही. मोडेम लावायचा तर पेट्रोलपंपाचा आणि हॉटेलचा फोन एकच, आणि आई म्हणते फोन अडवलास तर तुलाच वायरीने बांधीन. म्हणून आम्ही आपले डिस्केट पाकिटात घालून चाटून चिकटवणारे लोक. शिवाय इथे आता सूर्य मावळतच नाही. पडद्यावर नुसती खिडकी दिसते. मी टेबलावर दोन घोंगड्या टाकून तंबू केलाय आणि त्यात बसून घामाघूम होते. गिऱ्हाइकं विचारतात, "आयली, तुझी पोरगी साउनात एवढा वेळ काय करते?"

पण ऐक. सोबत डिस्केट आहे. 'तळघर', एक मिनिट एकोणीस सेकंद. परत वाच. एकोणीस! तुम्ही सगळे त्या दिव्यांच्या जिन्यावरून लांबून वळसा घालता ना? मी सरळ खांबांच्या दालनातून गेले, खड्डे चुकवत. तिथे माझं यंत्र धापा टाकतं, चित्र अडकत अडकत सरकतं, तरीही एकोणीस. सगळी घुबडांची कृपा.

मला माहीत आहे तू परीक्षक आहेस आणि लाड करायचे नाहीस. करू नकोस. नुसतं बघ आणि खुर्चीतून पड.

वेन्ला

---

टाम्पेरे, १६ जून

वेन्ला,

हे पत्र लिहायला मला अजिबात आवडत नाहीये.

तुझी दौड समितीने बाद केली आहे. खांबांच्या दालनात दिवा नाही. तिथे काहीच नाही, मिट्ट काळोख. कितीतरी जण त्या खड्ड्यांत पडून मेले, म्हणून तर सगळे जिन्याने जातात. आणि तू तिथून बाजारातून चालावं तशी सरळ गेलीस, प्रत्येक खड्ड्याच्या काठावर बरोबर वळत. हे कुणालाही जमणार नाही. याचा अर्थ एकच होतो. तू प्रकाशाची फाइल बदलून दालन उजळून घेतलंस.

तू हे गंमत म्हणून केलं असशील. घुबडांची थट्टा तर चांगलीच होती. पण नियम म्हणजे नियम. जिन्याच्या वाटेने नवी दौड पाठव, ती मी धरीन. तुझं नाव वेळांच्या कोष्टकातून काढलंय, कारण मात्र कुठे लिहिलेलं नाही.

तार्मो

---

पेल्लो, २४ जून

तार्मो,

युहान्नसच्या सणाला सगळं गाव नदीकाठी शेकोटीपाशी होतं आणि मी घोंगडीखाली बसून रडत होते. तुला कळावं म्हणून लिहिते. तुला वाईट वाटावं म्हणूनही लिहिते.

कसला काळोख? प्रत्येक खांबावर दगडी घुबड कोरलंय आणि त्याचे डोळे पिवळे लखलखतात! खड्ड्याच्या अलीकडच्या खांबावरचं घुबड खड्ड्याच्या बाजूला बघतं, एक डावीकडे, पुढचं उजवीकडे, आपण उलट बाजूने जायचं. ज्याने हा टप्पा बनवला त्याने वाट दाखवायलाच ती बसवलीत. डोळे अगदी बारीक आहेत, धावत्याला दिसायचे नाहीत. पण माझं यंत्र तिथे गोगलगायीसारखं चालतं, त्यामुळे मला बघायला भरपूर वेळ मिळाला. मी थट्टा करत नव्हते. मी तुला माझा सगळ्यांत मोठा शोध सांगत होते, मूर्खा.

आणखी एक. काल आई सामन मासे धुरवायला गेली तेव्हा मी हॉटेलच्या फोनवरून ओस्मोला विचारलं, तुला माझ्या दौडीत काय खोट दिसली? तो म्हणाला, "कुठली दौड? तुझी डिस्केट माझ्यापर्यंत आलीच नाही." मग समिती समिती काय लावलंयस? समिती म्हणजे तू एकटा. स्वतःच्या मावसबहिणीला खोटारडी ठरवलंस आणि वर "नियम म्हणजे नियम" म्हणून मोकळा झालास. लिहायला आवडत नव्हतं म्हणे!

मी जिन्याने जाणार नाही.

वेन्ला

---

टाम्पेरे, १ जुलै

वेन्ला,

हो, मी एकट्याने ठरवलं. ओस्मोला डिस्केट पाठवली असती तर त्यालाही हेच दिसलं असतं, त्यानेही आता कार्ड घेतलंय. मग सगळीकडे बोभाटा झाला असता की तार्मोची बहीण लबाडी करते. आणि तुझी दौड धरली असती तर बोभाटा झाला असता की तार्मो बहिणीला घुसवतो. मला वाटलं, गुपचूप बाजूला ठेवावी म्हणजे तुझंही नाव राहील आणि माझंही. आता बघतो तर दोन्ही गेली.

पण घुबडं? अगं, तुझं पत्र आल्यापासून मी त्या दालनात ठाण मांडून आहे. काचेला नाक लावून एकेक खांब पाहिला. दगड काळा, भिंत काळी, सगळं काळं. डोळे नाहीत, चोच नाही, पीस नाही. तूच सांग मी काय समजू?

म्हणून हा शेवटचा उपाय. सोबतच्या डिस्केटवर मूळ 'तळघर' आहे, माझ्याकडचं, कुणी हात न लावलेलं. वर लिहिलंय, "तार्मोची. शुद्ध." ती तुझ्या यंत्रात घाल. घुबडं दिसली तर दाखव. दाखवलीस तर मेळाव्यात सगळ्यांसमोर कान धरीन. नाही दिसली तर मुकाट्याने जिन्याने ये.

तुझ्यावर विश्वास ठेवावा असं मला फार वाटतंय. पण डोळ्यांना दिसत नाही त्यावर ठेवू कसा?

तार्मो

---

पेल्लो, १४ जुलै

तार्मो,

उशीर झाला, कारण फोटो धुवून आणायला तोर्नियोपर्यंत जावं लागतं.

नदीपलीकडून स्वीडनचा म्हातारा गुन्नार सामन धरायला येतो, त्याच्याकडे तिपाईवाला कॅमेरा आहे. त्याला घोंगडीखाली बोलावलं. म्हणाला, "बाई, मी आयुष्यात पुष्कळ काय काय टिपलं, पण घोंगडीतला संगणक पहिल्यांदाच." पहिल्या रोलमध्ये फ्लॅश उडाला आणि छत्तीस वेळा माझंच नाक आलं. दुसऱ्यात फ्लॅश बंद केला.

फोटो नीट बघ. पडद्याला टेकून जी डिस्केट उभी आहे तिच्यावरचं अक्षर ओळखतोस का? कोंबडीने पाय ओढल्यासारखं ते तुझंच आहे. "तार्मोची. शुद्ध."

आता पडद्यावर बघ.

वेन्ला

---

टाम्पेरे, १७ जुलै

वेन्ला! वेन्ला! वेन्ला!

बघतायत! माझ्याकडे बघतायत! मी फोटो दिव्याखाली धरला, खिडकीशी धरला, शेजारच्या मुलाला दाखवला. तो म्हणाला, "डोळे आहेत की."

मग मला त्या पुसून टाकलेल्या प्रोग्रामची आठवण झाली. ज्याच्याकडे आता कोण ढुंकून बघणार असं मी तुला ऐटीत लिहिलं होतं, तोच. खोलीभर पालथं घालून मूळ तबकडी शोधली, जुना प्रोग्राम परत चढवला आणि कार्डाला शिवू न देता 'गुहा' सुरू केली. भिंती पुन्हा गोधड्या. दालनात शिरलो. आणि काळोखातून एकेक जोडी उघडत गेली, पिवळीधमक! मी ओरडलो. खरंच ओरडलो, खालच्या मजल्यावरच्या बाई दार वाजवायला आल्या.

आता काय झालं ते सांगतो, कारण मला ते कळलंय आणि तुला सांगितल्याशिवाय मी जेवणार नाही. खेळ बनवणाऱ्यांनी रंगांच्या डबीत थोडे रंग वेगळे ठेवले होते. त्यांच्यावर सावली पडायचीच नाही, कितीही काळोख असो, ते आपले तसेच उजळ. घुबडांचे डोळे त्या रंगांचे आहेत. पण कार्डवाला प्रोग्राम सगळ्या रंगांना एकाच मापाने मोजतो. आधी भिंत रंगवतो, वरून सावलीचा हात फिरवतो, आणि त्या हाताखाली बिचारे डोळेही मिटतात. या टप्प्याची शर्यत सुरू झाली यंदाच्या वसंतात, तोवर जोरात पळणाऱ्या बहुतेकांकडे कार्डं आली होती, आणि माझ्यासारखे उरलेले जिन्यानेच पळत होते. म्हणून कुणालाच पत्ता नाही!

आणि सगळ्यांत मोठा गाढवपणा माझा. डिस्केटवर चित्र नसतंच गं. तिथे फक्त तुझी पावलं असतात. चित्र ज्याचं त्याचं यंत्र काढतं. मी तुझी पावलं माझ्या काळोखात पाहिली आणि तुला लबाड म्हणालो.

माझं चुकलं, वेन्ले. साफ चुकलं. डोळ्यांना दिसत नाही म्हणे! निदान तुझ्यावर तरी ठेवायला हवा होता विश्वास. तुझं नाव परत कोष्टकात घातलंय, सगळ्यांत वर. आणि मी लपवाछपवी न करता सगळीकडे लिहून टाकलं, फोटोसकट, घुबडांसकट, माझ्या गाढवपणासकट. ओस्मोने तुझी दौड माझ्याकडून मोडेमवरून मागवून घेतली आणि दोन यंत्रं शेजारी शेजारी ठेवून दोन्हींवर चालवली. एकात काळोख, दुसऱ्यात डोळे. तो म्हणतो, खोलीत टाळ्या पडल्या.

सोबतचं खोकं जपून उघड. लोकरी मोज्यात गुंडाळलेलं आहे ते माझं कार्ड आहे. मेळाव्यापर्यंत तुझ्याकडे राहू दे. माझ्याने आता त्याच्याकडे बघवत नाही.

कान धरलेला तार्मो

---

पेल्लो, २३ जुलै

तार्मो,

तुझं पत्र मी उभ्याने वाचलं, मग बसून, मग आईला, मग गुन्नारला. गुन्नारला काही कळलं नाही पण त्याने सगळ्यांना पुल्लाचे गोड पाव खाऊ घातले आणि कॉफी पाजली. आई म्हणाली, "चूक कबूल करतोय ना, मग सोड आता." सोडलं. पण पूर्ण नाही. दरवर्षी नाताळात एकदा आठवण करून देईन.

कार्ड पोचलं. मोजा आईने ठेवून घेतला, एकच कसा पाठवला म्हणते. कार्ड मात्र मी अजून बसवलेलं नाही. झाकण उघडलं, आत बघितलं, परत लावलं. माझी घुबडं जातील ना रे.

सगळ्यांत वर! मी! अजून दोनदा लिहून बघते. सगळ्यांत वर. सगळ्यांत वर.

वेन्ला

---

टाम्पेरे, २८ जुलै

वेन्ले,

घाईत लिहितोय. मी शहाणपणा केला आणि तो तुझ्यावरच उलटला.

सगळ्यांना घुबडं कळली. सगळ्यांनी कार्डाविना जुना प्रोग्राम चढवला आणि तुझ्याच वाटेने दालनातून पळाले. त्यांची यंत्रं तुझ्यापेक्षा कितीतरी दांडगी, दालनात ती धापा टाकत नाहीत. गेल्या पाच दिवसांत इथे डिस्केटांचा पाऊस पडलाय. आज कोष्टकात तू पाचवी आहेस. चौघांचा संघ, आणि तू पाचवी.

आणि चौथा कोण, तर मी. एक मिनिट सोळा. ओस्मोनेच तपासली. पळताना मला इतकी मजा येत होती की तुला मागे टाकतोय हे पोचल्यावरच लक्षात आलं.

मी ठरवलंय. मी नाव मागे घेतो. वाट तुझी, शोध तुझा, जागा तुझी. नाही म्हणू नकोस. तुझं उत्तर आल्याशिवाय ओस्मोला कळवत नाही, पण शुक्रवारी ३१ तारीख आहे.

तार्मो

---

पेल्लो, ३१ जुलै

तार्मो,

खबरदार माघार घेतलीस तर! दया म्हणून मिळालेल्या जागेवर मी बसणार नाही. मोजे दे, कार्ड दे, जागा देऊ नकोस.

आता काय झालं ते ऐक. तुझं पत्र वाचून मी डोकं धरून बसले. माझं यंत्र दालनात धापा टाकतं, दुसरं कुठेच नाही. सात-आठ सेकंद तिथेच जातात. घुबडं बघत पळायचं तर यंत्र चालत नाही. यंत्र चालवायचं तर कार्ड हवं, आणि कार्ड लावलं की घुबडं नाहीत. इथपर्यंत विचार आला आणि मी आईचा स्क्रूड्रायव्हर उचलला.

तार्मो, तू पहिल्या पत्रात लिहिलं होतंस ते सगळं खरं आहे रे! सुरुवातीच्या अंगणात मी नुसती गोल गोल फिरत होते. पाण्याचा तळ! चर्चच्या कचेरीतलं ते म्हातारं डबडं वाऱ्यासारखं पळतं! आई घोंगडीत डोकं घालून म्हणाली, "अगं, हे तर दगड आहेत. मी इतके दिवस समजत होते तू विणकामाच्या खेळात बसलीयस."

मग मी दालनाच्या दारात गेले. आणि तुला जे दिसत होतं ते मला पहिल्यांदा दिसलं. काळं. डोळा नाही, चोच नाही, पीस नाही. खरं सांगते, त्या क्षणी तुझ्यावरचा उरलासुरला राग गेला. मीही म्हणाले असते, ही पोरगी लबाड आहे.

पण मी त्या दालनात दोन महिने गोगलगायीच्या चालीने हिंडलेय. कुठलं घुबड कुठे बघतं हे मला आमच्या हॉटेलातल्या खुर्च्यांपेक्षा पक्कं ठाऊक आहे. पहिल्यांदा खड्ड्यात पडले. खूपदा पडले. आई वरून ओरडत होती, "टपालाची गाडी चारला निघते हं!" मग मी पडद्यावर काही शोधणंच सोडून दिलं. डावीकडे बघणारं, मी उजवीकडे. उजवीकडे बघणारं, मी डावीकडे. शेवटचं मोठं, सरळ समोर बघणारं, त्याच्या पायाशी उडी. आणि मी बाहेर होते! उजेडात! मी किंचाळले तशी आईच्या हातून बशी पडली. तिच्या बश्याही पळाल्या एकदाच्या.

एक मिनिट अकरा. सोबत डिस्केट आहे. गुन्नार हे पाकीट स्वतः टपालगाडीत टाकणार आहे आणि शिक्का मारून घेणार आहे. या वेळी ओस्मोकडेही एक पाठवतेय, समितीचा अनुभव आहे आम्हाला.

म्हणजे कार्डाने जुन्या खेळाचं भलं होतं का, या तुमच्या वादावर माझं मत विचारशील तर, होतं. पायांचं होतं, डोळ्यांचं होत नाही. डोळे आधी आपले आपण कमवावे लागतात.

ही दौड तुझ्या यंत्रावर जुन्या प्रोग्रामने बघू नकोस. त्यात मी घुबडांच्या उजेडात पळताना दिसेन आणि ते खोटं आहे. ओस्मोकडचं कार्ड उसनं आण आणि त्याच्यावर बघ, तुझ्या त्या मिट्ट काळोखात. या खेपेला आपल्या दोघांना एकच चित्र दिसेल.

आणि कोष्टक तू लिहितोस, तेव्हा मीच सांगते. मी पाचवीची पहिली झाले. त्यामुळे बाकीचे एकेक पायरी खाली आले. चौथा होता तो आता पाचवा आहे.

रडू नकोस. संघाला पाणी द्यायला, डिस्केट सांभाळायला माणूस लागतोच. सात तारखेला दुपारच्या गाडीने येते. स्टेशनावर न्यायला ये, आई धुरवलेला अख्खा सामन देतेय, एकटीला उचलवणार नाही. दुसरा मोजा आण.

तुझी लबाड बहीण,
वेन्ला